मीन वेल एनडीआर-२४०-२४: हायड्रॉलिक प्रेसच्या पॅनेलला दहा अँपिअर पुरतात का?

नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीत मशीनचं कंट्रोल पॅनेल बांधणाऱ्याला '२४ व्होल्टचा सप्लाय कितीचा टाकू?' असं विचारलं, तर बहुतेकदा एकच उत्तर मिळतं: 'दहा अँपिअरचा टाकून द्या, काय होत नाही.' त्या दहा अँपिअरच्या जागी सर्रास बसणारा एसएमपीएस (एसीपासून डीसी देणारा पॉवर सप्लाय) म्हणजे मीन वेल या तैवानी कंपनीचा एनडीआर-२४०-२४. सप्लाय चांगला आहे. 'टाकून द्या' ही पद्धत मात्र चांगली नाही. मध्यम आकाराच्या हायड्रॉलिक एसपीएमचं (एका ठरावीक कामासाठी बांधलेल्या मशीनचं) सगळं २४ व्होल्ट याच्या एकट्याच्या गळ्यात घातलं तर तो काठावर चालतो. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये तो काठही खाली सरकतो. तोच सप्लाय फक्त कॉइल आणि व्हॉल्व्हसाठी ठेवला आणि पीएलसीला (मशीन चालवणाऱ्या छोट्या संगणकाला) शेजारी वेगळा छोटा सप्लाय दिला, तर या वर्गात पैसे वसूल करणारी खरेदी दुसरी शोधावी लागत नाही. असं का, ते आकड्यांनिशी पाहू.

आधी वस्तू. २४ व्होल्ट, १० अँपिअर, २४० वॅट. रुंदी ६३ मिलिमीटर, ३५ मिलिमीटरच्या डिन रेलवर (पॅनेलमधल्या धातूच्या पट्टीवर) बसतो. फॅन नाही, हवेच्या नैसर्गिक प्रवाहावर थंड होतो, त्यामुळे कास्टिंगच्या धुळीत फॅन जाम होण्याची भानगडच नाही. इनपुट ९० ते २६४ व्होल्ट एसी. पुढच्या बाजूला पोटेन्शिओमीटर, आउटपुट २४ पासून २८ पर्यंत वाढतं. वॉरंटी तीन वर्षांची. प्लस आणि मायनसची टर्मिनल्स एकापेक्षा जास्त असल्याने पहिल्याच स्क्रूखाली तीन फेरूल कोंबायची वेळ येत नाही. तरी काही वायरमन कोंबतातच.

आता साइझिंग. उदाहरण म्हणून दोन सिलिंडरचा हायड्रॉलिक प्रेस घेऊ. पीएलसी सीमेन्स एस७-१२००, सीपीयू १२१४सी, डीसी मॉडेल. कॅटलॉगप्रमाणे एकटा सीपीयू ५०० मिलिअँपिअर घेतो आणि सगळी एक्स्पान्शन मॉड्यूल्स जोडल्यावर १.५ अँपिअरपर्यंत जातो. दोन मॉड्यूल्स धरून १ अँपिअर लिहा. सात इंची एचएमआय (ऑपरेटरचा स्क्रीन) ०.४, पाच पोर्टचा इथरनेट स्विच ०.२. प्रॉक्सिमिटी सेन्सर २४; नुसता सेन्सर १५ मिलिअँपिअरच्या आत असतो, पण ऑन झाल्यावर पीएलसीच्या इनपुटमधूनही चार-पाच मिलिअँपिअर वाहतात, म्हणून नगाला २० धरून ०.५. लाइट कर्टनची (हात आत गेल्यावर मशीन थांबवणाऱ्या प्रकाशपडद्याची) जोडी आणि सेफ्टी रिले मिळून ०.५. नेहमीच्या पिन-सॉकेट प्रकारच्या रिलेची २४ व्होल्टची कॉइल ३७ मिलिअँपिअर घेते. असे १२ रिले, ०.४५. डीसी कॉइलचे दोन कॉन्टॅक्टर, प्रत्येकी ५.४ वॅट, मिळून ०.४५. टॉवर लॅम्प आणि बझर ०.२. न्यूमॅटिकचे आठ छोटे व्हॉल्व्ह, प्रत्येकी ०.१, एका वेळी चार ऑन असतील तर ०.४.

आणि खरा खादाड म्हणजे हायड्रॉलिकचा डायरेक्शनल (तेलाची दिशा बदलणारा) व्हॉल्व्ह. साइझ ६ च्या व्हॉल्व्हचं डीसी सोलेनॉइड (व्हॉल्व्ह उचलणारी कॉइल) साधारण ३० वॅटचं असतं, म्हणजे एकेक १.२५ अँपिअर. प्रेसवर अशी सहा. सायकल चार्ट (कोणत्या टप्प्यात काय ऑन, याचा तक्ता) उघडून पाहिला तर एका वेळी जास्तीत जास्त तीन ऑन, म्हणजे ३.७५ अँपिअर.

सगळी बेरीज ७.८५. नेमप्लेटवरचे आकडे डोळे झाकून बेरजेला घेतले, म्हणजे सहाही सोलेनॉइड आणि आठही न्यूमॅटिक व्हॉल्व्ह एकदम ऑन धरले, तर १२ अँपिअर होतात आणि माणूस विनाकारण वीस अँपिअरचा सप्लाय मागवतो. उलट कुणी सोलेनॉइडचा भार 'थोडासाच असतो' म्हणून अर्धा धरला की सहाच अँपिअर दिसतात आणि सगळं मस्त वाटतं. दोन्ही चुकांचं मूळ एकच: सायकल चार्ट न बघता कॅल्क्युलेटर हातात घेतला. कोणता टप्पा सगळ्यात भारी, क्लॅम्पिंगचा की डिकम्प्रेशनचा, हे मशीन डिझायनरला विचारल्याशिवाय या बेरजेला अर्थ नाही.

७.८५ वर पंचवीस टक्के राखीव धरले की ९.८. कागदावर दहात बसतं. उद्या गिऱ्हाईकाने एक एजेक्टर सिलिंडर वाढवला की १.२५ गेले आणि राखीवातलं बहुतेक संपलं. एसपीएमच्या धंद्यात गिऱ्हाईक हे वाढवतंच.

आता उष्णता. उन्हाळ्यात नाशिकचा पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या शेडमध्ये मशीनजवळ त्याहून दोन-चार अंश जास्तच, आणि बंद पॅनेलच्या आत, तेही त्यात व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर, आणखी दहा-पंधरा. म्हणजे सप्लायभोवतीची हवा ५५ च्या घरात. या वर्गातले सप्लाय ५० ते ६० अंशांच्या पुढे दर अंशाला दोन-अडीच टक्के क्षमता सोडतात. डेटाशीटमध्ये डिरेटिंगचा आलेख असतो, त्यातली २३० व्होल्टची रेषा पाहायची. ११५ ची रेषा आपल्या कामाची नाही. उंचीचं डिरेटिंग २००० मीटरनंतर लागतं आणि नाशिक सहाशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे ते विसरलं तरी चालेल. तापमान विसरून चालणार नाही. क्षमता कमी होणं हा त्यातला छोटा भाग झाला. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान दर दहा अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. तीन वर्षं चालायचा सप्लाय दीड वर्षात रिपल (डीसीमधला चढउतार) वाढवू लागतो, आणि मग 'पीएलसीला भूत लागलंय' असे फोन सुरू होतात.

बसवताना मीन वेल स्वतः वर ४० मिलिमीटर, खाली २० आणि दोन्ही बाजूंना ५ मिलिमीटर जागा सोडायला सांगते. शेजारी उष्णता देणारं काही असेल तर बाजूला १५. पॅनेलमध्ये हा नियम सगळ्यात आधी मोडला जातो तो वरच्या वायरिंग डक्टमुळे. डक्ट सप्लायला चिकटून जाते, गरम हवा कोंडते आणि डक्टमधल्या वायरीही शिजतात. सप्लाय उभाच बसवा, आडवा नाही. तो व्हीएफडीच्या वर तर अजिबात नको. पूर्ण भारावर एनडीआरची कार्यक्षमता ८८ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ३०-३३ वॅट नुसती उष्णता. पॅनेलला एक्झॉस्ट फॅन असेल तर फिल्टरची जाळी साफ करण्याचं काम कुणाच्या तरी नावावर लिहून ठेवा, नाहीतर दिवाळीपर्यंत फॅन नुसताच फिरतो, हवा काही येत नाही.

इथवरचं बहुतेकांना ठाऊक असतं. पुढचा मुद्दा बरेच जण ऐकून सोडून देतात. एक सोलेनॉइड शॉर्ट झालं, किंवा प्लगमध्ये हायड्रॉलिक तेल आणि पाणी शिरलं, तर नेमकं काय होतं?

बहुतेक पॅनेलमध्ये २४ व्होल्टच्या फांद्यांवर सी-कर्व्हचा (सुरुवातीचा झटका सोसणाऱ्या प्रकारचा) सहा अँपिअरचा एमसीबी दिसतो. एसीवर त्याची मॅग्नेटिक ट्रिप (शॉर्ट झाल्यावर झटक्यात पडणं) रेटिंगच्या पाच ते दहा पट करंटवर, म्हणजे ३० ते ६० अँपिअरवर होते. डीसीवर हा आकडा आणखी साधारण दीडपट, म्हणजे तो झटक्यात खात्रीने पडावा असं वाटत असेल तर ९० अँपिअर हवेत. एनडीआर-२४० ओव्हरलोडमध्ये १०५ ते १३० टक्क्यांवर करंट धरून ठेवतो, म्हणजे जास्तीत जास्त १३ अँपिअर. नव्वद कुठे आणि तेरा कुठे! एमसीबी मॅग्नेटिकवर पडणारच नाही. आतली पट्टी तापून पडायला अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त. तोवर सप्लायचं व्होल्टेज पार बसलेलं असतं. पीएलसी, एचएमआय, सेन्सर, सगळे एकदम मेलेले. ऑपरेटरला दिसतं काय, तर 'सगळं मशीन बंद पडलं.' फिटर येतो, सगळे एमसीबी ऑन दिसतात, सप्लायचा एलईडी लुकलुकतो किंवा विझलेला असतो. निदान होतं: 'एसएमपीएस गेला.' नवा बसवला की तोही तसाच करतो. मग दुसऱ्या दिवशी कुणीतरी व्हॉल्व्हचा प्लग काढतो.

दोष सप्लायचा नाही, ही या वर्गातल्या प्रत्येक सप्लायची जात आहे. काचेचा दोन अँपिअरचा फास्ट फ्यूज टाकला तर तो १३ अँपिअरवर उडेल, पण दहा मिलिसेकंदांहून जास्त घेऊन. एस७-१२०० चा सीपीयू २४ व्होल्ट गेल्यावर १० मिलिसेकंद तग धरतो. म्हणजे फ्यूज उडाला, फांदी सापडली, पण पीएलसी रीसेट झालाच.

यावर दोन उपाय, आणि दोन्ही एकत्र केले तर उत्तम. पहिला म्हणजे सप्लाय दोन करणे. पीएलसी, एचएमआय, स्विच, सेन्सर आणि सेफ्टी मिळून वरच्या बेरजेत २.६ अँपिअर होतात. त्यांना एनडीआर-१२०-२४, म्हणजे पाच अँपिअरचा, ४० मिलिमीटर रुंदीचा. रिले, कॉन्टॅक्टर, सोलेनॉइड, न्यूमॅटिक व्हॉल्व्ह, टॉवर लॅम्प मिळून ५.२५, त्यांना एनडीआर-२४०-२४. आता दहा अँपिअरच्या सप्लायमध्ये जवळजवळ निम्मी जागा रिकामी, एजेक्टरही येऊ दे आणि मे महिनाही. सोलेनॉइड शॉर्ट झालं तर व्हॉल्व्हचा सप्लाय बसेल, पण पीएलसी जिवंत राहील आणि एचएमआयवर 'व्हॉल्व्ह सप्लाय फेल' असं चक्क लिहून येईल. त्यासाठी व्हॉल्व्हच्या सप्लायच्या २४ व्होल्टवर एक रिले लावून त्याचा कॉन्टॅक्ट पीएलसीच्या इनपुटला द्या. दोघांची रुंदी मिळून १०३ मिलिमीटर. याऐवजी एकच वीस अँपिअरचा एनडीआर-४८०-२४ घेतला तर रेलवर थोडी जागा वाचते, बाकी सगळे रोग तसेच राहतात. दोन सप्लायचे मायनस एकमेकांना जोडायला विसरू नका. नाहीतर पीएलसीचं ट्रान्झिस्टर आउटपुट रिलेला उचलणारच नाही, आणि वायरमन दोन तास प्रोग्राम लिहिणाऱ्याला शिव्या घालत बसेल. प्लस मात्र कुठेही एकत्र करायचे नाहीत. करंट वाढवण्यासाठी दोन एनडीआर समांतर जोडणं हा तर निव्वळ अडाणीपणा: ज्याचं व्होल्टेज किंचित जास्त तो सगळा भार ओढतो आणि दुसरा झोपतो. रिडंडन्सी (एक गेला तर दुसऱ्याने भार उचलावा अशी सोय) हवी असेल तर मध्ये डायोडचं मॉड्यूल लागतं. मीन वेलचंच डीआर-आरडीएन२० आहे, वीस अँपिअरचं.

दुसरा उपाय इलेक्ट्रॉनिक सर्किट ब्रेकर, चार किंवा आठ चॅनेलचा, ज्याचं प्रत्येक चॅनेल वेगळं सेट करता येतं. करंट सेटिंगच्या थोडा वर गेला की तो स्वतःच मिलिसेकंदांत तोडतो, सप्लायने नव्वद अँपिअर देण्याची वाट पाहत नाही. तीन-तीन सोलेनॉइडचे दोन गट करून दोन चॅनेल, न्यूमॅटिकला एक, रिले-कॉन्टॅक्टरला एक. चालू करताना तो चॅनेल एकामागून एक उघडतो, त्यामुळे सुरुवातीचा झटकाही वाटला जातो. किंमत सप्लायच्या जवळपास जाऊ शकते, म्हणून खरेदी विभाग नाक मुरडतो. रात्रपाळीत एक प्लग शोधायला किती तास जातात याचा हिशेब त्या विभागासमोर ठेवावा.

एक गोष्ट इथेच. १.२५ अँपिअरचं सोलेनॉइड पीएलसीच्या ०.५ अँपिअरच्या ट्रान्झिस्टर आउटपुटवर थेट लावता येत नाही, मध्ये रिले लागतोच. त्या रिलेवर '६ अँपिअर' लिहिलेलं असतं ते एसीच्या रेझिस्टिव्ह भाराचं. डीसी इंडक्टिव्ह भाराला तो आकडा खूप खाली येतो. कॉइलवर उलटा डायोड, १एन४००७, लावा, नाहीतर कॉन्टॅक्ट जळतात आणि त्या ठिणगीचा आवाज २४ व्होल्टच्या लाइनवर येऊन एचएमआय लटकतो. नुसत्या डायोडने व्हॉल्व्ह सुटायला उशीर होतो. प्रेसवर, जिथे स्लाइड थांबायचं अंतर सेफ्टीच्या हिशेबात धरलेलं असतं, तिथे डायोडऐवजी टीव्हीएस किंवा झेनर असलेला प्लग घ्या आणि थांबण्याचा वेळ पुन्हा मोजा.

वायरचा ड्रॉप. पॅनेल प्रेसच्या एका टोकाला, पॉवरपॅक (तेलाचा पंप आणि टाकी) दुसऱ्या टोकाला, केबल ट्रेने फिरून ४० मीटर. ०.७५ स्क्वेअरच्या (चौरस मिलिमीटरच्या) तांब्याच्या फ्लेक्झिबल वायरचा रोध किलोमीटरला २६ ओहम. जाऊन-येऊन ८० मीटर म्हणजे २.०८ ओहम. १.२५ अँपिअरला अडीच व्होल्ट तिथेच गेले. व्हॉल्व्हवर साडेएकवीसच्या आसपास उरतात. बहुतेक सोलेनॉइडची सहनशीलता दहा टक्के, म्हणजे खालची हद्द २१.६. थंड असताना व्हॉल्व्ह उचलतो, तासाभराने कॉइल तापून तिचा रोध वाढला की कधी उचलतो, कधी नाही. हीच वायर दीड स्क्वेअर घेतली (१३.३ ओहम) तर ड्रॉप सव्वा व्होल्टवर येतो आणि प्रश्न संपतो. यात तीन व्हॉल्व्हचा मायनस एकाच ०.७५ वायरने लूप करून आणला असेल, तर बोलायलाच नको. सप्लाय ते ब्रेकर हा पॅनेलमधला तुकडा २.५ स्क्वेअरचा ठेवा.

इथे मोह होतो तो पोटेन्शिओमीटर फिरवण्याचा. २४.५ किंवा २५ पर्यंत हरकत नाही. २८ वर नेऊन ठेवलेली पॅनेल्सही दिसतात, आणि त्यात तीन तोटे. एस७-१२०० ची वरची मर्यादा २८.८ व्होल्ट, म्हणजे अंतर उरलंच नाही. जवळच्या कॉइल जास्त तापतात. आणि सप्लाय २४० वॅटचाच आहे, त्यामुळे २८ व्होल्टवर तो दहा नव्हे, साडेआठ अँपिअरचा झाला. पातळ वायरचा उपाय जाड वायर हाच.

इनपुटकडे येऊ. मशीनला न्यूट्रल न आणता ४१५ व्होल्टच्या दोन फेजवरून कंट्रोल ट्रान्सफॉर्मरने २३० करणं ही इथली जुनी आणि शहाणी पद्धत आहे. या सप्लायची हद्द २६४ व्होल्ट. वरच्या डीबीत (वीज वाटणाऱ्या पेटीत) न्यूट्रल सैल होऊन फेज-न्यूट्रल तीनशेच्या वर गेलं की सप्लाय गेलाच, आणि त्याला वॉरंटी नाही. ट्रान्सफॉर्मर असेल तर तो प्रसंग येत नाही. दोन्ही सप्लाय मिळून इनपुटला चारशे वॅटच्या आसपास जातात, तेही पूर्ण भारावर. ट्रान्सफॉर्मर ५०० व्हीएच्या खाली नको, आणि त्यावरच पॅनेलचा एअरकंडिशनर, ट्यूबलाइट, लॅपटॉपचा सॉकेट जोडायचा असेल तर एक किलोव्हीए. थंड असताना सुरू होताना असा सप्लाय तीस-चाळीस अँपिअरचा क्षणिक झटका मारतो, म्हणून इनपुटला बी-कर्व्ह एमसीबी लावू नका, सी-कर्व्ह सहा अँपिअरचा घ्या. मृगाच्या आधी नाशिकला विजा कडाडतात तेव्हा इनकमरला (मुख्य येणाऱ्या लाइनच्या स्विचला) टाइप २ एसपीडी (विजेचा झटका अडवणारं उपकरण) असणं हे सप्लायच्या आतल्या छोट्या व्हॅरिस्टरवर विसंबण्यापेक्षा कधीही बरं.

लाइट डोळा मिचकावते तेव्हा काय? या वर्गातले सप्लाय पूर्ण भारावर साधारण २० मिलिसेकंद, म्हणजे एसीची एक सायकल, सांभाळतात. अर्ध्या भारावर त्याहून बरंच जास्त. फीडर बदलताना अर्धा-एक सेकंद जातो तो मात्र कुठलाच साधा सप्लाय सांभाळणार नाही. पीएलसी जिवंत राहायलाच हवा असेल तर डीसी यूपीएस मॉड्यूल (मीन वेलचं डीआर-यूपीएस४०) आणि बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, त्याही फक्त २.६ अँपिअरच्या बाजूला. सप्लाय दोन केल्याचा हा आणखी एक फायदा: सोलेनॉइडना बॅटरीवर चालवायची गरज नाही, आणि प्रेसवर तर ते नकोच.

आउटपुटचा मायनस एका, आणि एकाच, जागी अर्थला जोडा. काही जण 'फ्लोटिंग ठेवलं की ट्रिप होत नाही' म्हणून अर्थ करत नाहीत. ट्रिप होत नाही हीच तर अडचण आहे: एक वायर बॉडीला लागली तरी कळत नाही, दुसरी लागली की व्हॉल्व्ह आपोआप उचलतो. प्रेसवर.

याच २४० वॅटमध्ये वरचे पर्याय कधी घ्यावेत? मीन वेलचाच एसडीआर-२४०-२४ रुंदीला तेवढाच, ६३ मिलिमीटर, पण कार्यक्षमता ९४ टक्के, म्हणजे पूर्ण भारावर उष्णता ३० ऐवजी १५ वॅट. शिवाय तीन सेकंदांपर्यंत दीडपट भार सोसतो आणि डीसी ओके रिले कॉन्टॅक्ट (आउटपुट ठीक असल्याची खूण देणारा) आहे. बंद, बिनफॅनचं, आयपी ५४ किंवा ६५ पॅनेल असेल, किंवा भारात सर्वो मोटरचे ब्रेक आणि डीसी मोटर असतील, तर जास्तीचे पैसे इथे घाला. फिनिक्स कॉन्टॅक्टचा क्विंट आणखी पुढचा: तो काही मिलिसेकंदांसाठी रेटेड करंटच्या सहापट देतो, खास एमसीबी झटकन पडावा म्हणून. दहाचा साठ. लक्षात घ्या, सी-६ ला खात्रीचे नव्वद लागतात. म्हणून त्याच्यासोबतही एमसीबीचा कर्व्ह, रेटिंग आणि वायरची लांबी त्यांच्या तक्त्यावरून जुळवावी लागते. सप्लाय क्विंट आणि फांदीवर सी-१० असं केलं तर महाग सप्लायचा काही उपयोग नाही. चार मशीनच्या लाइनला, जिथे एक थांबलं की सगळं थांबतं, तिथे क्विंट. सुट्या एसपीएमला नको.

उलट टोकाला पिंपळगाव बसवंतकडची द्राक्षांची पॅकहाउसेस. प्री-कूलिंगच्या पॅनेलमध्ये २४ व्होल्टवर असतं काय? बारा ट्रान्समीटर, प्रत्येकी फार तर २५ मिलिअँपिअर. पीएलसी, एचएमआय, थोडे रिले. रेफ्रिजरंटचे सोलेनॉइड बहुधा २३० एसीचे. बेरीज दोन अँपिअरलाही जेमतेम पोचते. तिथे दहा अँपिअरचा सप्लाय म्हणजे उधळपट्टी, एनडीआर-१२० पुरेसा. तिथला शत्रू दमट हवा आहे: थंड खोलीच्या भिंतीवर पॅनेल टांगलं की आत पाणी सुटतं. पॅनेल बाहेर घ्या, ग्लँड नीट घट्ट करा, आत छोटा हीटर लावा.

बसवल्यावर मोजा. साध्या टाँगटेस्टरने (वायरीभोवती अडकवायच्या मीटरने) डीसी करंट दिसत नाही, शून्य दाखवतो. डीसी मोजणारा हॉल सेन्सरवाला लागतो, मिन-मॅक्स रेकॉर्डसह. व्हॉल्व्हच्या सप्लायच्या प्लसच्या मुख्य वायरवर तो अडकवून मशीन पूर्ण सायकलवर अर्धा तास चालवा. मॅक्स सहा-सात अँपिअरच्या वर गेला तर बेरजेत काहीतरी राहिलंय. मग मॅन्युअल मोडमध्ये सगळ्यात भारी टप्प्याची सोलेनॉइड ऑन ठेवून सगळ्यात लांबच्या व्हॉल्व्हच्या प्लगवर व्होल्टेज पाहा: कॉइल तापलेली असताना २२ च्या खाली नको. पॅनेलचं दार बंद ठेवून सप्लायच्या बुडाशी थर्मामीटरचा प्रोब सोडा, दुपारी तीन वाजता. शेवटी एक मुद्दाम शॉर्ट: व्हॉल्व्हचा प्लग काढून त्याच्या दोन पिना जोडा आणि बघा, पीएलसी चालू राहतो की नाही. ट्रायल घेताना गिऱ्हाईकाने ही चाचणी मागावी आणि पॅनेलवाल्याने ती न कुरकुरता द्यावी.

विकत घेताना: अंबड-सातपूरच्या दुकानांत एनडीआर सहसा शेल्फवरच असतो, आणि सप्लाय रात्री गेला तर सकाळी दुसरा मिळतो, ही याची सगळ्यात मोठी जमेची बाजू. नकली मालही फिरतो. लेबलची छपाई, सीरियल नंबर, खोक्यावरचा आणि अंगावरचा मॉडेल नंबर जुळतो का ते पाहा, आणि जीएसटी बिल घ्या, कारण वॉरंटीला तेच लागतं. 'एनडीआरसारखाच आहे, घ्या' म्हणून दिला जाणारा बिननावाचा दहा अँपिअरचा सप्लाय टेबलावर दहा अँपिअर देतोही. ५५ अंशांत किती देतो हे त्याच्या डेटाशीटमध्ये नसतं, कारण डेटाशीटच नसते. आणि मशीनसोबत एक एनडीआर-२४० स्पेअर द्यायचा असेल तर तो पॅनेलच्या तळाशी वायरींच्या गुंडाळीत ठेवू नका, स्टोअरमध्ये ठेवा. पॅनेलच्या दाराच्या आत मॉडेल नंबर आणि पोटेन्शिओमीटर किती व्होल्टवर ठेवलाय तो आकडा लिहून चिकटवा, म्हणजे रात्रपाळीचा फिटर बदलताना २४.५ च्या जागी २८ करून जाणार नाही.